चार सिलिंडरांची वाटणी

ताई खाली बसली की वाजायची. चालताना कमी, पण बसताना हमखास. तिचा नवरा शिंपी. त्याने सासऱ्यांचा जुना जाड कोट तिच्या मापाचा करून दिला होता आणि त्याला आतून-बाहेरून इतके खिसे लावले होते की प्रत्येक पान्याला स्वतःची खोली मिळाली होती. कुठला पाना कुठल्या खिशात हे ताईच्या हातांना न बघता कळायचं. रुमाल मात्र कधीच सापडायचा नाही. त्यामुळे संध्याकाळपर्यंत तिच्या कपाळावर ऑइलचा काळा पट्टा उमटलेला असायचा आणि ती जेवायला आली की आई म्हणायची, "आधी ते कपाळ धुऊन ये, मग माझी मुलगी म्हणून बस."

आई तिच्याकडेच राहायची. गॅरेजच्या दारात एका मोडीत काढलेल्या गाडीची पुढची सीट ठेवली होती, तिच्यावर बसून ती दिवसभर शेंगा सोलायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करायची. बसली की सीटचा पट्टा लावायची. सीट कुठेही जाणार नाही, असं कुणी म्हणालं तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "पट्टा आहे ना? मग लावायला काय जातं?"

हे गॅरेज ताईच्या वडिलांचं. ते गेल्यावर मुलांनी वाटणी केली. दादाने घर आणि घरामागची मोकळी जागा घेतली आणि तिथे रोपवाटिका थाटली. धाकट्याने रस्त्याकडेची शेड घेतली आणि तिच्यात कोंबड्या पाळल्या. गॅरेज दोघांनाही नको होतं. दादा म्हणाला, "ऑइल मुरलेली जमीन. तिथे गवतसुद्धा उगवायचं नाही." धाकटा म्हणाला, "माझी कोंबडी तिथे पाय ठेवायची नाही." म्हणून ते ताईला मिळालं. तिला कुणी काही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. तिचं मन खरं तर पिकअपवर होतं. वडिलांनी त्या पिकअपचं इंजिन एकदा पूर्ण उतरवून पुन्हा बांधलं होतं, तेव्हा परकर-पोलक्यातली ताई त्यांच्या शेजारी बसून एकेक नट रॉकेलमध्ये धूत होती. तिचं सगळं शिक्षण त्या इंजिनावर झालं होतं.

पण पिकअप दोन्ही भावांना हवी होती. रोपं न्यायला दादाला, कोंबड्या न्यायला धाकट्याला. घासाघीस बरीच लांबली. शेवटी मामाला बोलावलं. मामा थट्टेखोर माणूस. त्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "त्यात काय एवढं? इंजिनाला सिलिंडर चार. पुढचे दोन थोरल्याचे, मागचे दोन धाकट्याचे. चाकं पुढची याची, मागची त्याची. आरसा एकेक. हॉर्न दोघांत मिळून. झालं?" स्वतःच्या विनोदावर स्वतःच मनसोक्त हसून मामा संध्याकाळच्या गाडीने निघून गेला. दोघा भावांपैकी कुणीच हसलं नव्हतं.

त्या दिवसापासून दादा फक्त पुढच्या चाकांत हवा भरायचा. धाकटा फक्त डावा आरसा पुसायचा. एक दिवस याचा, एक दिवस त्याचा, अशी गाडी चालायची. तरीही सगळं सुरळीत चाललं असतं, पण मामा स्टेपनी विसरला होता. त्या जादा चाकावरून दोघांत जी जुंपली ती थेट बोलणं बंद होईपर्यंत. स्टेपनी आईच्या खाटेखाली जाऊन पडली आणि भिंतीला भिंत लागून राहणारे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचं झालं तर ताईमार्फत बोलू लागले.

एका सकाळी पिकअप आचके देत गॅरेजच्या दारात आली. मागे रोपांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक रोपाला हिवताप आल्यासारखं कापरं भरलं होतं. दादा उतरला. घामाघूम झालेला.

"पिकअप पिकअप घेत नाही," तो म्हणाला.

"दोनदा कशाला सांगतोस? एकदा ऐकलं मी," आई म्हणाली.

"अगं आई, पिकअप गाडी पिकअप घेत नाही. चढावर तर जीव टाकते. निघताना थंड होती तेव्हा बरी होती, तापली आणि सुरू झालं हिचं."

ताईने मडगार्डवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. इंजिनाची लय चुकत होती. धड-धड-धड, आणि मग एक पायरी गायब. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. पेट्रोलचा कच्चा वासही येत होता. "मिसिंग मारतेय," ती म्हणाली. "एक सिलिंडर पेटत नाहीये."

"कुणाचा?" दादाने लगेच विचारलं.

ताईने स्कॅनर लावला. छोट्या पडद्यावर आकडा आला: तीन.

दादाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते त्याच्या मुलीचा निकाल लागला तेव्हाही पसरलं नव्हतं. "बघ! मला वाटलंच होतं. माझे दोघे बिचारे राबतायत आणि याचा तिसरा आडवा पडलाय. ताई, त्याला कळव."

ताईने धाकट्याला फोन केला. "तुझा एक सिलिंडर माझ्याकडे आलाय. बरं नाहीये त्याला. ये."

धाकटा आला तो काखेत कोंबडी घेऊनच. तिच्या पायात ओळखीची कडी घालायचं काम अर्ध्यावर टाकून तो तसाच धावला होता. दादाकडे न बघता तो म्हणाला, "ताई, त्याला विचार, काल माझ्या दिवशी गाडी नीट चालली, आज त्याच्या दिवशी माझाच सिलिंडर कसा बिघडला?"

"ताई, त्याला सांग, मी त्याच्या सिलिंडरला बोटही लावलेलं नाही."

"दोघेही तीन हातांवर उभे आहात," ताई म्हणाली. "मला मधे घेऊ नका. मला काम आहे."

तिने इंजिन बंद करून बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. म्हणजे ऑइलचा पट्टा आज सकाळीच उमटला. इंजिनावर दोन आणि तीन नंबरच्या मधोमध पिवळ्या ऑइलपेंटची आडवी रेघ मारलेली होती. त्या रेघेला चिकटून, किंबहुना थोडी तिच्यावर चढून, दुसरी रेघ होती. हिरवी.

"हे काय आहे?"

"हद्द," दादा म्हणाला.

"त्याने पिवळी माझ्या बाजूला बोटभर सरकवून मारली होती," धाकटा म्हणाला. "मी परवा दुरुस्त केली."

आईने शेंगा सोलायच्या थांबवल्या. "मला दाखवा रे." पट्टा सोडून ती उठली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "हिरवा बरा दिसतोय." मग परत जागेवर जाऊन तिने पट्टा लावला. दादाचं तोंड उतरलं.

ताईचा पहिला संशय कॉइलवर होता. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एकेक कॉइल असतो, तो प्लगला ठिणगी देतो. कॉइल गेला की ठिणगी नाही आणि ठिणगी नाही की पेट्रोल पेटत नाही. तपासायची पद्धत अगदी साधी: तीनचा कॉइल दोनवर लावायचा, दोनचा तीनवर. दोष कॉइलमध्ये असेल तर तो कॉइलबरोबर दोनवर जाईल.

हे तिने सांगितलं मात्र, दादा बॉनेटच्या आड उभा राहिला. "म्हणजे त्याचा बिघडलेला कॉइल माझ्या सिलिंडरात?"

"तपासापुरता."

"आणि माझा चांगला त्याच्याकडे? उद्या परत नाही दिला तर?"

"दादा, तो कॉइल आहे. पाहुणा म्हणून जाईल, चहा-पाणी घेईल, परत येईल."

बरीच समजूत काढल्यावर दादा तयार झाला, पण खूण केल्याशिवाय नाही. त्याने खिशातून रोपाला बांधायची पाटी काढली आणि आपल्या कॉइलला दोऱ्याने बांधली. पाटीवर लिहिलं होतं 'गुलाब, लाल'. धाकटाही मागे राहणारा नव्हता. त्याने खिशातून कोंबडीच्या पायातली निळी कडी काढली आणि आपल्या कॉइलच्या वायरीत अडकवली. काखेतल्या कोंबडीने ते मान वाकडी करून पाहिलं.

"कॉइलच गेलाय, मी सांगते ना," असं म्हणत ताईने अदलाबदल केली. इंजिन सुरू केलं, तापू दिलं. हळूहळू धडधड सुरू झाली आणि स्कॅनरवर परत तीन.

म्हणजे दादाचा लाल गुलाब तीनवर बसूनही तीन पेटत नव्हता आणि धाकट्याची निळी कडी दोनवर मजेत काम करत होती.

"माझा कॉइल निर्दोष आहे," धाकटा म्हणाला. "ताई, त्याला सांग, माफी मागायची गरज नाही."

"मग प्लग," ताई म्हणाली. "नक्की प्लग."

"मघाशी नक्की कॉइल होता," आई म्हणाली.

ताईने नवा प्लग टाकला. तापल्यावर परत तीन. आता तिला व्हॉल्व्हची शंका आली. व्हॉल्व्ह जळला असेल तर इंजिनावरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवायला लागणार आणि वडिलांनी बांधलेलं इंजिन पुन्हा उघडायचं हे तिच्या जिवावर आलं होतं. ती खाली बसली. सगळे पाने एकदम वाजले. मग उठून ती कॉम्प्रेशनचं मीटर शोधू लागली. सिलिंडरात दाब नीट बनतोय का ते त्यावर कळतं. दाब असेल तर हेड उघडायची गरज नव्हती.

मीटर बाहेर आलं आणि दोघे भाऊ दोन्ही बाजूंनी वाकले. वजनकाट्यावर पोतं चढलं की माणसं वाकतात तसे. एकचा दाब चांगला. दोनचाही चांगला. तीनचा काटा वर गेला तो त्या दोघांच्या किंचित पुढे जाऊन थांबला.

"सगळ्यात जास्त!" धाकटा ओरडला. कोंबडी सुटली आणि पाने ठेवायच्या फळीवर जाऊन बसली. "माझा सगळ्यात जास्त! आजारी म्हणत होता ना? आजारपणातसुद्धा त्याच्या दोघांना भारी आहे!"

"मीटर तिरकं धरलं होतं," दादा म्हणाला. "ताई, माझे दोन परत मोज."

"अरे, फरक मोजण्याइतकाही नाही."

"नाही ना? मग मोज."

ताईने परत मोजलं. फरक तसाच राहिला. दादा जाऊन आईशेजारी उकिडवा बसला. आईने त्याच्या हातात शेंगांची टोपली दिली.

ताईला मात्र हायसं वाटलं होतं. ठिणगी आहे, दाब आहे, मग उरलं पेट्रोल. प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल देणारा इंजेक्टर असतो, तो चालू असला की आतून बारीक टिकटिक करतो. तिने कॉइल आपापल्या घरी परत पाठवले, इंजिन चालू केलं आणि एक लांब पेचकस घेतला. त्याचं टोक इंजेक्टरवर ठेवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. एकवर टिकटिक. दोनवर टिकटिक. तीनवरही टिकटिक होती. ती तशीच वाकून थांबली. पाठ भरून आली, दादाच्या शेंगा सोलून झाल्या, आणि मग अचानक टिक-टिक-टिक, आणि काहीच नाही. त्याच क्षणी इंजिनाने आचका दिला. मग परत टिक.

"सापडलं," ताई म्हणाली. "इंजेक्टर मधेच गप्प बसतोय."

"मला ऐकू दे," धाकटा म्हणाला. ऐकून त्याचा चेहरा गंभीर झाला, आजारी माणसाच्या छातीला कान लावून बाहेर आलेल्या नातेवाइकासारखा. दादाला राहवेना. "मलाही," तो म्हणाला. धाकट्याने पेचकस त्याच्या हातात दिला. हातात दिला हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

इंजिन बंद करून ताईने तीनच्या इंजेक्टरवर बसणारा वायरीचा कनेक्टर ओढून काढला. तो सहज निघेना. निघाला तेव्हा तिने तो उजेडात धरला.

आत पितळी पट्ट्यांवर रंग होता. तळाशी पिवळा. वर हिरवा.

"हा कनेक्टर कुणी काढला होता?"

दादा आईच्या टोपलीत बघू लागला. "रेघ सरळ यायला नको? मधे येत होता तो. काढला, रंगवलं, परत बसवला."

"ओल्या रंगासकट?"

"घाई होती."

"आणि तू?"

"मीही काढला," धाकटा म्हणाला. "माझी रेघ वाकडी येऊ देऊ?"

ताईने सांगितलं ते असं: रंगाचा थर मधे आल्यामुळे विजेला वाट राहिली नव्हती. थंड असताना कशीबशी टेकायची, इंजिन तापून कनेक्टर जरा फुलला की सुटायची. बिघाड दोन नंबरात नव्हता आणि तीन नंबरातही नव्हता. हद्दीत होता.

वाटलं होतं आता तरी दोघे वरमतील. पण धाकटा म्हणाला, "पिवळा खाली आहे, म्हणजे आधी त्याने बिघडवलं." दादा म्हणाला, "ताई, त्याला सांग, पिवळ्यावर गाडी महिनोन्‌महिने चालली. हिरवा लागला आणि बंद पडली." यावर आईचं मत विचारण्यात आलं. आई म्हणाली, हिरवाच अजूनही बरा दिसतोय.

ताईने नवऱ्याची दाभण मागवून रंग खरवडायचा प्रयत्न केला, पण पट्ट्या आत वाकल्या होत्या. तो कनेक्टर कामातून गेला होता. मग ती मागच्या अंगणात गेली. तिथे वडिलांच्या काळापासून एक गाडी गंजत उभी होती, तिच्या वायरिंगमधून तिने तशाच जातीचा कनेक्टर कापून आणला. पिकअपचा जुना तोडला, नव्याच्या वायरी सोलून पीळ दिला, कथलाचा डाग दिला, वर नळी चढवली, टेप गुंडाळली. मग थिनर आणि फडकं घेऊन इंजिनावरच्या दोन्ही रेघा पुसून काढल्या. पुसताना दोघांनीही हात पुढे केला होता, पण तिने नुसतं वर बघितलं आणि हात मागे गेले.

इंजिन सुरू झालं. तापलं. ताईने तळहात मडगार्डवर ठेवला. सगळ्या पायऱ्या जागच्या जागी होत्या.

"झालं," ती म्हणाली. मग हात पुसता पुसता, फार विचार न करता, तिच्या तोंडून निघून गेलं, "एक लक्षात ठेवा. तो कनेक्टर माझ्या गाडीचा आहे. म्हणजे आता या इंजिनात माझाही वाटा आहे. आणि तो काढला तर तीन नंबर परत गप्प."

फळीवरच्या कोंबडीने मान वाकडी केली.

धाकटा हळूच वळला. "दादा," तो म्हणाला, "ही काय म्हणतेय?"

"वाटा मागतेय," दादा म्हणाला.

"तिला देता येतो का?"

"मामाला विचारायला हवं."

"मामाला नको रे," धाकटा घाईने म्हणाला. "त्याने मागच्या वेळी काय केलं बघितलंस ना?"

"हो, ते आहेच," दादा म्हणाला. आपण कुणाशी बोलतोय हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं असावं, कारण दोघेही दुसरीकडे बघू लागले.

ताईने किल्ली घेतली. "मी चढावर बघून येते. आई, येतेस?"

आईने एका सीटचा पट्टा सोडला आणि दुसऱ्या सीटचा लावला. मागे दादाची रोपं तशीच होती. गाडी रस्त्याला लागली, वळण घेतलं आणि चढ चढू लागली. ताईने मुद्दामच गिअर न बदलता पाय दाबला. इंजिन एकदाही अडखळलं नाही. मागच्या रोपांची पानं आता फक्त वाऱ्याने हलत होती.

"तुला ही हवी होती ना?" आईने विचारलं.

"हो."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

आईने खिडकीबाहेर बघितलं. "मीही नाही विचारलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "चढावरून लगेच फिरू नकोस. पुढे तलाव आहे ना, तिथपर्यंत ने. तुझे वडील इंजिन बांधलं की तिथे न्यायचे. मला गाडीतलं काही कळायचं नाही, पण जायचे मी."

ताईला हे माहीत नव्हतं. तिने चढ संपवला आणि तलावाच्या रस्त्याला गाडी घातली.

पुढे बऱ्याच वाटाघाटी झाल्या आणि सुटीचा दिवस ताईचा ठरला. भावांना ते पसंत नव्हतं, पण या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं आणि एकमत असलं की बोलावं लागतं. कनेक्टर परत कसा मिळवायचा यावर दादाच्या ओट्यावर बैठका होऊ लागल्या. रोपवाटिकेत कोंबड्यांचं खत जाऊ लागलं. मधूनमधून दोघे नवाकोरा कनेक्टर घेऊन, पिकअप चालवत, गॅरेजच्या दारात येतात आणि म्हणतात, "ताई, तेवढा तुझा काढून हा बसवून दे."

"इंजिन गरम आहे," ताई म्हणते. "गार होईपर्यंत थांबा."

मग दोघे आईच्या दोन बाजूंना बसतात आणि शेंगा सोलतात. शेंगा संपेपर्यंत इंजिन गार झालेलं असतं. पण तोवर दोघांची कामाची वेळ झालेली असते.